साळीची भूक आणि स्फुरदाची कहाणी



कंधारचा किल्ला पाहायला जे गेले असतील त्यांना किल्ल्याभोवतीचा खंदक आणि गावालगतचे ते विस्तीर्ण तळे आठवत असेल. जगत्तुंग समुद्र हे त्याचे जुने नाव. तळ्याला समुद्र म्हणण्याची ऐट राष्ट्रकूटांनाच शोभावी! दहाव्या शतकातील राजा तिसरा कृष्ण याच्या बिरुदांत कंधारपुराचा उल्लेख येतो, म्हणजे एके काळी या गावाचा दरारा केवढा होता याची कल्पना करा. पण आज मी किल्ल्याविषयी बोलणार नाही. उन्हाळ्यात अशा तळ्याच्या तळाशी जो काळा गाळ उघडा पडतो, त्यापासून मी सुरुवात करणार आहे.

आपले आजे-पणजे हा गाळ गाडीत भरून शेतात नेत. त्यात काय असते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. गाळ टाकलेल्या पट्ट्यात पीक जोरकस येते एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आज आपण कारण सांगू शकतो. पावसाने माळावरची माती धुपते, तेव्हा तिचा सर्वांत बारीक अंश आधी वाहून जातो, आणि जमिनीतला स्फुरद या बारीक अंशालाच चिकटलेला असतो. म्हणजे तळे हे पाण्याचे जसे साठवण, तसे स्फुरदाचेही. महाराष्ट्र शासनाने 2017 साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना आणली, तेव्हा पुष्कळांना ती नवीन वाटली. आपल्या पणजोबांना वाटली नसती.

स्फुरद हा शब्द आपण खताच्या पिशवीवर वाचतो. पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला आकडा त्याचा. पहिला नत्राचा, तिसरा पालाशाचा. डीएपीवर 18:46:0 लिहिलेले असते; त्यातला 46 हा स्फुरद. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये तो शेकडा 16 असतो. नत्र टाकले की आठ दिवसांत पीक हिरवेगार दिसते, म्हणून नत्रावर आपला जीव जडतो. स्फुरदाचे काम जमिनीखाली चालते. मुळी वाढवणे, फुटवे आणणे, पीक वेळेवर पक्व करणे, दाण्यात जीव भरणे ही त्याची कामे. स्फुरद कमी पडलेली साळ पिवळी पडत नाही, हीच तर फसगत. ती उलट गडद हिरवी, ताठ, खुजी राहते. फुटवे थोडे, पक्व व्हायला उशीर. बांधावरून पाहणाऱ्याला वाटते, पीक काळेभोर आहे, ठीक आहे!

आता थोडे दूर जाऊ. 1669 साली जर्मनीतील हँबर्ग शहरात हेनिग ब्रँड नावाचा एक किमयागार सोने करण्याच्या नादात होता. त्याने माणसाचे मूत्र आटवले, भाजले, पुन्हा भाजले. सोने निघाले नाही. अंधारात चमकणारा एक मेणासारखा पदार्थ निघाला. तो स्फुरद. चमकतो, स्फुरतो, म्हणून आपल्याकडचे हे नाव किती चपखल आहे पाहा. पुढे शंभर वर्षांनी कळले की हाडांतही हा पदार्थ भरपूर आहे. मग इंग्लंडमधले शेतकरी हाडांचा चुरा शेतात टाकू लागले. मागणी एवढी वाढली की युरोपातल्या जुन्या रणभूमींवरची हाडेसुद्धा जहाजांत भरून तिकडे नेली गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने इंग्लंडला या गोष्टीबद्दल चांगलेच फटकारले होते. दुसऱ्या देशांच्या जमिनींचा कस तुम्ही हाडांच्या रूपाने ओढून नेता, असा त्याचा आरोप होता.

पण नुसत्या हाडाच्या चुऱ्यातला स्फुरद पाण्यात विरघळत नाही. जॉन बेनेट लॉज नावाच्या इंग्रज जमीनदाराने हाडांवर आणि खनिजांवर गंधकाम्ल ओतून तो विरघळता केला आणि 1842 साली त्याचा एकस्व हक्क घेतला. तेच सुपर फॉस्फेट. पुढच्याच वर्षी त्याने रॉथमस्टेड येथील आपल्या शेतावर खतांचे प्रयोग सुरू केले; त्यातले काही आजही चालू आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पावणेदोनशे वर्षे एकाच तुकड्यावर एकच प्रयोग! आपल्याला तीन वर्षे एका शेतात एक नोंदवही टिकवता येत नाही.

हिंदुस्थानात या काळात काय चालले होते? हाडे परदेशी जात होती. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर 1889 च्या अखेरीस इकडे आले, वर्षभर देश हिंडले, आणि 1893 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हा मनुष्य आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणारा नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. उलट मशागतीत हा शेतकरी कोणाला हार जाणार नाही असे त्यांचे मत झाले. दुखणे त्यांनी निराळ्या जागी दाखवले. शेण चुलीत जाते, आणि हाडे व गळिताची धान्ये बंदरावरून बाहेर जातात, मग जमिनीत परत काय जाणार? हाडांना हात लावायला आपल्याकडे लोक कचरतही होते, हे खरे आहे. पण गोळा करणारा गरीब गावोगाव फिरत होता आणि माल मुंबई-कलकत्त्याच्या गोदीत जात होता, हेही तितकेच खरे आहे. मद्रासजवळ राणीपेट येथे 1906 साली देशातला पहिला सुपर फॉस्फेटचा कारखाना निघाला. म्हणजे लॉजनंतर चौसष्ट वर्षांनी.

आपला नांदेड-कंधारचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची भाताची कोठारे पूर्वेला तेलंगणात. काकतीय राजांनी तिकडे तळी बांधली आणि तळ्याखाली साळ पिकली. पुढे मांजरा नदीवर 1931 साली निजामसागर पुरा झाला आणि कालव्याखाली साळीचे क्षेत्र आणखी वाढले. आपल्या बाजूला, म्हणजे मन्याडच्या खोऱ्यात, ज्वारी आणि कापूस यांचे राज्य. आता त्यांत सोयाबीन आले. साळ होती आणि आहे ती सखल तुकड्यांत, ओढ्याकाठी, आणि जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर, बिलोली, किनवटकडे. पुष्कळदा ती लावलेली नसते, तिफणीने पेरलेली असते. ही पेरसाळ. लावणीची साळ आणि पेरसाळ यांतला फरक लक्षात ठेवा. सगळे गाडे पुढे त्यावरच फिरणार आहे.

हैदराबाद राज्याच्या शेतकी खात्याने 1918 साली परभणीला प्रयोगक्षेत्र काढले. तिथेच पुढे 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. दुष्काळाच्या वर्षी विद्यापीठ जन्माला आले, हा योगायोग या भागातले लोक विसरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. जुनी साळ उंच वाढायची. आंबेमोहोर घ्या, किंवा कोणताही गावरान वाण घ्या. त्याला थोडे खत जास्त झाले की काडी लांबायची, आणि दाणा भरायच्या सुमारास पीक आडवे पडायचे. म्हणून खताची फारशी मागणीच नव्हती. हिशेब करून पाहू. एक टन साळ पिकली तर दाणा आणि पेंढा मिळून जमिनीतून सुमारे तीन किलो स्फुरद उचलला जातो. खताच्या भाषेत तो सुमारे सात किलो होतो, कारण पिशवीवरचा आकडा हा शुद्ध स्फुरदाचा नसून त्याच्या प्राणवायूशी झालेल्या संयुगाचा असतो. हेक्टरी टनभर पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे एवढे देणे शेणखत, गाळ आणि जमीन मिळून भागवीत. जमीन काही तक्रार करीत नव्हती.

मग 1966 चे साल उजाडले. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-8 हा बुटका वाण बाहेर काढला. इंडोनेशियाचा उंच पेटा आणि तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन यांचा तो संकर. आपल्याकडे तैवानचाच तायचुंग नेटिव्ह-1 त्याआधीच येऊन पोहोचला होता. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे 1965 साली अखिल भारतीय भात सुधार प्रकल्प सुरू झाला आणि 1968 साली तिथून जया हा वाण निघाला. बुटकी काडी, ताठ पान, खत घातले तरी लोळायचे नाव नाही. नत्र घाला, दाणा घ्या. हेक्टरी पाच टनांची भाषा सुरू झाली.

पण पाच टन म्हणजे पंधरा किलो स्फुरद, म्हणजे खताच्या भाषेत सुमारे चौतीस किलो. सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोच्या चार पिशव्यांहून थोडा जास्त, किंवा डीएपीची दीड पिशवी. आणि त्यातला बहुतेक भाग दाण्यात असतो, पेंढ्यात नव्हे. म्हणजे तो बाजारात जातो, गोठ्यात परत येत नाही. ज्या जमिनीने हजार वर्षे कुरकुर केली नाही तिने पाच-दहा हंगामांत कुरकुर सुरू केली. लोक म्हणू लागले, रासायनिक खताने जमीन बिघडली. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वाण बदलला तशी पिकाची भूक बदलली, आणि आपण त्या भुकेचा एकच घास, नत्राचा, वाढला. दुसऱ्या घासाची आठवण उशिरा झाली.

आता तुम्ही विचाराल, स्फुरद घातला तरी कित्येकांना गुण का येत नाही? इथे आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आड येतो. आपल्या मातीत चुनखडी असते. विरघळणारा स्फुरद मातीत पडला की चुना त्याला धरतो आणि हळूहळू न विरघळणारा करून टाकतो. पहिल्या हंगामात घातलेल्या स्फुरदापैकी पिकाच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो. बाकीचा जातो कुठे? जात नाही, तिथेच राहतो, कुलूप लावून. पुढच्या हरभऱ्याला त्यातला थोडा मिळतो. कोकणातल्या तांबड्या आंबट जमिनीत हेच कुलूप चुन्याऐवजी लोह आणि ॲल्युमिनियम लावतात. तिकडे दगडी स्फुरदाची भुकटीही हळूहळू लागू पडते. आपल्याकडे ती जशीच्या तशी पडून राहते. तेव्हा कोकणातल्या पाहुण्याने सांगितले म्हणून ती आणू नका. आपल्याला पाण्यात विरघळणारा स्फुरदच हवा.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पिकाला मिळण्याजोगा स्फुरद किती आहे हे मोजायची रीत अमेरिकेतल्या ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली दिली. खाण्याचा सोडा म्हणजेच सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या द्रावणात माती हलवायची आणि उतरलेला स्फुरद मोजायचा. तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर जो स्फुरदाचा आकडा येतो तो बहुधा याच रीतीचा असतो.

आणि पाण्याचे काय? इथे साळीची गंमत आहे. शेतात पाणी उभे राहिले की मातीतली हवा संपते. लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. चुन्याच्या जमिनीत कर्बवायू साठून मातीचा अल्कपणा उतरतो आणि चुन्याने धरलेलाही थोडा मोकळा होतो. श्रीलंकेचे फेलिक्स पोन्नमपेरुमा यांनी फिलिपाइन्सच्या त्या संस्थेत बसून बुडालेल्या मातीचे हे सारे रसायन उलगडले. चिखलणी करून लावलेल्या साळीला पाणीच अर्धे खत देते, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. निजामसागराखालच्या शेतकऱ्याला जो लाभ फुकट मिळतो, तो कंधारच्या पेरसाळीला मिळत नाही. तिच्या मातीत हवा खेळते, कुलूप बंदच राहते. एकच वाण, एकच पिशवी, आणि पन्नास कोसांवर निकाल निराळा! म्हणून दुसऱ्या जिल्ह्याचा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी एक वर्ष काकांनी सुपर फॉस्फेट आणले आणि साळ टीचभर झाल्यावर वरून फेकून दिले, युरिया फेकतात तसे. पीक काही हलले नाही. काकांनी पिशवी विकणाऱ्याला भेसळीचा दोष दिला, वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. दोष पिशवीत नव्हता. स्फुरद मातीत चालत नाही. पडला तिथेच दोन बोटांच्या आत बसून राहतो. मुळीने त्याच्याकडे जावे लागते. म्हणून तो पेरणीच्या वेळीच, सगळाच्या सगळा, दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या थोडा खाली आणि बाजूला द्यायचा. ओळीत दिला म्हणजे मातीशी त्याचा संबंध कमी येतो आणि कुलूप लागायला वेळ लागतो. शेणखतात मिसळून दिला तर आणखी बरे. काकांना हे मी पुढे कधीतरी सांगितले. ते म्हणाले, मग पिशवीवर लिहायचं ना!

परभणीच्या संशोधकांनी पेरसाळीसाठी वाण काढले. प्रभावती आणि तेरणा ही त्यांतली नावे. प्रभावती हे परभणीचेच जुने नाव समजले जाते. तेरणा ही आपल्याच मुलखातली नदी. चुनखडीच्या जमिनीत पेरसाळीला स्फुरदापेक्षाही लवकर छळते ती लोहाची टंचाई. कोवळे पान पिवळे, मग पांढरट पडते. प्रभावती हा आंबेमोहोरावरून काढलेला वाण ही टंचाई पुष्कळ सोसतो. इथे एक सावधगिरी सांगतो. स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाला तर लोह आणि जस्त यांची टंचाई अधिक तीव्र होते. तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या तराईत पंतनगर येथे डॉ. नेने यांनी 1966 साली साळीच्या खैरा रोगाचे मूळ शोधले, तेव्हा ते निघाले जस्ताच्या अभावात. पानावर तांबूस-तपकिरी डाग, पीक बसलेले. लोक रोग समजून औषध मारीत होते. अशा शेतात स्फुरदाची आणखी एक पिशवी ओतली तर आगीत तेल.

आता पैशाची बाजू. आपल्या देशात स्फुरदाचे खनिज थोडे. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे 1968 साली चांगला साठा सापडला, पण गरजेपुढे तो अपुरा आहे. कच्चे खनिज आणि आम्ल मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून येते. मुंबईजवळ तुर्भ्याचा कारखाना 1965 साली सुरू झाला आणि सुफला हे नाव महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत पोहोचले. तरी मूळ दगड समुद्रापलीकडचाच. 25 ऑगस्ट 1992 रोजी केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश खतांच्या किमतीवरचे नियंत्रण उठवले, युरियावरचे ठेवले. डीएपी एकदम महागले. शेतकऱ्याने काय केले असेल? जे स्वस्त ते घेतले. युरिया वाढला, स्फुरद घटला. तो चुकला असे मी म्हणणार नाही. खिशाकडे पाहून त्याने हिशेब केला. पण पिकाच्या भुकेत ज्या घासाची आधीच टंचाई होती तोच पुन्हा कमी झाला. पुढे 1 एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्यातून बाहेरच राहिला.

या कहाणीतला एक धागा अलीकडे सापडला आहे, तो सांगून पुरे करतो. 1998 साली विसुवा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी कसालाथ नावाच्या आपल्या हिंदुस्थानी जुन्या वाणात एक गुण हेरला. उपाशी जमिनीतही तो वाण मुळ्या वाढवतो आणि स्फुरद शोधून काढतो. 2012 साली नेचर या नियतकालिकात त्यामागचे जनुक प्रसिद्ध झाले. स्फुरदाची उपासमार सोसणे, अशा अर्थाचे नाव त्याला दिले गेले. गंमत म्हणजे पुष्कळशा आधुनिक, पाण्याखालच्या वाणांत हे जनुक नाही. निवड करणाऱ्यांनी ते जाणून टाकून दिले असे नव्हे. त्यांनी निवड खत घातलेल्या, पाणी दिलेल्या वाफ्यांत केली. तिथे उपाशी जमिनीत टिकणाऱ्याची परीक्षाच झाली नाही. जुना वाण कमी पिकतो म्हणून आपण घरातले बियाणे टाकले, त्यात काय गेले हे आता कळू लागले आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात कोणाच्या कणगीत अजून मूठभर गावरान साळ असेल, तर ती फुकट घालवू नका.

शिक्षकांसाठी एक काम सुचवतो. शाळेजवळच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पेरसाळीत चार ओळींच्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीत बियाण्याखाली सुपर फॉस्फेट, दुसरीत नाही. बाकी नत्र, पाणी, खुरपणी सगळे सारखे. उगवणीनंतर तीस दिवसांनी मुलांना प्रत्येक पट्टीतले वीस-वीस ठोंब मोजायला लावा. ठोंबाला फुटवे किती? मग दोन-दोन ठोंब मुळासकट उपटून, माती धुऊन, कागदावर शेजारी शेजारी ठेवा. निसवणीचा दिवस दोन्ही पट्ट्यांचा लिहून ठेवा. कोणती आधी निसवते ते पाहा. कापणीला लोंबीतले भरलेले आणि पोचट दाणे वेगळे मोजा. तीन वर्षांची वही जमली की ती परभणीच्या विद्यापीठात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवा. आणि पट्ट्यांत फरकच दिसला नाही तर? तर तेही लिहा. त्या शेतात कुठल्या तरी उन्हाळ्यात कोणी तळ्याचा गाळ टाकला होता का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायला मुलांना पाठवा.